गाडी रेस घेईना: जुन्या डिझेल एसयूव्हीचा एक्सलेटर सेन्सर कसा तपासायचा

(हे भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जे दोनदा आलं ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. यात कोड आणि व्होल्टचे आकडे बरेच आहेत. ते गाडीशेजारी उभं राहून मोबाइलवर वाचता यावेत म्हणून हा भाग इथे टाकलाय.)

आजचा विषय जुन्या गाडीचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली मोठी गाडी म्हणजे दहा-बारा वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही असते. स्कॉर्पिओ असेल, सफारी असेल, झायलो असेल. कुणी सेकंड हँड घेतलेली, कुणाला काकांकडून आलेली. इंजिन दणकट, गाडी रुबाबदार. आणि मग एक दिवस हे होतं.

खंबाटकीचा चढ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली, एक्सलेटर दाबला, आणि काहीच नाही! इंजिन चालू आहे, पण रेस घेत नाही. डॅशबोर्डवर पिवळी चेक लाइट. मागचा हॉर्न मारतोय. कशीबशी कडेला घेतली, बंद करून चालू केली, तर गाडी पुन्हा ठणठणीत. दोन दिवसांनी परत तेच.

आता खरा त्रास सुरू होतो. एक जण म्हणतो पंप गेला. दुसरा म्हणतो इंजेक्टर. तिसरा म्हणतो टर्बो उतरवावा लागेल. यातलं प्रत्येक काम खिसा रिकामा करणारं. आणि कित्येकदा दोष असतो तुमच्या उजव्या पायाखाली, हाताच्या पंजाएवढ्या एका भागात, किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या एका वायरमध्ये. तो कसा शोधायचा, कोणत्या क्रमाने शोधायचा, आणि नवीन पार्ट विकत घेण्याआधी काय काय बघायचं, एवढंच आज बोलूया.

पेडल दाबल्यावर नक्की होतं काय?

जुन्या, यांत्रिक पंपाच्या जीपगाड्यांमध्ये पेडलपासून पंपापर्यंत चक्क केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची, डिझेल जास्त जायचं. सरळ हिशोब.

कॉमन रेल इंजिन आलं आणि ही केबल गेली. आता पेडलवर एक सेन्सर असतो. तुम्ही पेडल किती दाबलंय हे तो व्होल्टच्या भाषेत गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला सांगतो. किती डिझेल सोडायचं हे ईसीयू ठरवतो. म्हणजे तुमचा पाय आणि इंजिन यांच्यात आता फक्त वायर आहे. गॅरेजमध्ये याला कुणी एक्सलेटर सेन्सर म्हणतं, कुणी पेडल सेन्सर, कुणी थ्रॉटल सेन्सर. डिझेल गाडीच्या बाबतीत हे तिन्ही शब्द बहुतेक वेळा एकाच वस्तूसाठी वापरले जातात.

पेट्रोल गाडीत थोडा फरक आहे. तिथे इंजिनात जाणारी हवा अडवणारी एक गोल पाकळी असते. ती किती उघडली हे सांगणारा सेन्सर तिथेच, थ्रॉटल बॉडीवर असतो. जुन्या एमपीएफआय जिप्सीसारख्या गाडीत केबल आणि हा सेन्सर दोन्ही असतात. तपासायची पद्धत मात्र सारखीच.

आता सेन्सर काम कसं करतो? घरातल्या जुन्या टेपचा व्हॉल्यूम आठवा. गोल बटण फिरवलं की आवाज कमी-जास्त. आत कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून एक छोटी पत्र्याची जीभ सरकते. तसंच इथे आहे. सेन्सरला ईसीयूकडून ५ व्होल्ट मिळतात, एक अर्थिंगची वायर असते आणि तिसरी वायर सिग्नलची. पेडल सोडलेलं असताना सिग्नल कमी, दाबत गेलं की वाढत जातो. आणि टेप जुना झाल्यावर व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायची ना? पट्टी झिजली की सेन्सरमध्येही तेच होतं. एका ठरावीक जागी सिग्नल क्षणभर तुटतो. गंमत म्हणजे ती जागा बहुतेक तीच असते जिथे तुमचा पाय रोज जास्तीत जास्त वेळ असतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत घासणारी पट्टी नसलेले, चुंबकावर चालणारे सेन्सर आले. ते झिजत नाहीत, पण त्यांची वायर आणि कपलर खराब होऊ शकतातच.

मग गाडी लंगडते का?

पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. एकाच डबीत दोन वेगळे ट्रॅक. म्हणून कपलरला साधारण सहा वायर दिसतात: दोन ५ व्होल्टच्या, दोन अर्थिंगच्या, दोन सिग्नलच्या. बऱ्याच गाड्यांत दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो. म्हणजे पहिला ०.७५ व्होल्ट दाखवत असेल तर दुसरा साधारण ०.३८. पहिला १.६० तर दुसरा ०.८०.

ईसीयू सारखा हे दोन आकडे जुळवून बघत असतो. एक १.६० म्हणतोय आणि दुसरा ०.४० वर अडकलाय, तर खरं कुणाचं? ईसीयूला कळायला मार्ग नाही. चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर पाय न लावता गाडी सुसाट जाऊ शकते. म्हणून तो सुरक्षित मार्ग धरतो: ताकद कापतो, चेक लाइट लावतो. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत चालणं. दोन्ही सिग्नल गेले तर बऱ्याच डिझेल गाड्यांत इंजिन नेहमीच्या आयडलपेक्षा थोडं वर, साधारण १२०० आरपीएमच्या आसपास धरून ठेवलं जातं, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कडेपर्यंत तरी नेता येते.

तेव्हा लिंप मोडला शिव्या देऊ नका. तो तुम्हाला वाचवतोय. पण भर घाटात त्याचा धोकाही आहेच. असं झालं तर हॅझर्ड लाइट लावा, ओव्हरटेक सोडून द्या, कडेला या. आणि उतारावर असाल तर गाडी चालत असताना इंजिन बंद करू नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम आणि हलकं स्टिअरिंग, दोन्ही इंजिन चालू असल्यावरच नीट मिळतात. बंद-चालू करायचंच असेल तर गाडी पूर्ण थांबवून, हँडब्रेक ओढून.

पहिलं काम: बॅटरी काढू नका

आपल्याकडे एक सवय आहे. लाइट आली की बॅटरीचं टर्मिनल काढायचं, दहा मिनिटांनी लावायचं, लाइट गेली की खूश. यात होतं काय, तर ईसीयूने साठवलेला कोड आणि दोष आला तेव्हाची माहिती पुसली जाऊ शकते. म्हणजे चोरी झाली आणि आपणच घर झाडून ठसे घालवले.

आधी कोड वाचा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. काही शे रुपयांत ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर मिळतो आणि मोबाइलवर अ‍ॅप. मात्र भारतात दुसऱ्या टप्प्याची ओबीडी पद्धत गाड्यांना सक्तीची झाली ती २०१३ मध्ये. त्याआधीच्या काही गाड्यांत पोर्ट दिसतो पण स्वस्त अडॅप्टर बोलत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर आहे अशा वायरमनकडे जा, कोड वाचून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. “सेन्सरचा कोड आहे” एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा मागा.

कामाचे आकडे हे:

- पी-२१२२ आणि पी-२१२३: पेडलच्या पहिल्या ट्रॅकचा सिग्नल फार कमी, किंवा फार जास्त.
- पी-२१२७ आणि पी-२१२८: हेच, पण दुसऱ्या ट्रॅकचं.
- पी-२१३८: दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत.
- पी-०१२० ते पी-०१२४: थ्रॉटल किंवा पेडल सेन्सरच्या सर्किटचे कोड. पेट्रोल गाडीत हे जास्त भेटतात.

आणि पी-०२९९ आला तर टर्बोचा दाब कमी पडतोय. पी-००८७ आला तर रेलमध्ये डिझेलचा दाब कमी आहे, तेव्हा डिझेल फिल्टरपासून सुरुवात करा. पिकअप जाणं हे लक्षण तिन्हीकडे सारखंच वाटतं, पण दुखणं वेगळं. म्हणून तर कोड आधी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. “सिग्नल फार कमी” याचा अर्थ सेन्सर मेला असा होत नाही. ५ व्होल्टची वायर तुटली असेल, कपलरमध्ये पाणी असेल, सिग्नलची वायर बॉडीला घासून अर्थ होत असेल, तरी कोड तोच येतो. इथेच लोकांचे पैसे जातात. कोड बघितला, नवीन पेडल बसवलं, तीन दिवसांनी लाइट परत.

फुकटातल्या तपासण्या

मीटर हातात घेण्याआधी पाच मिनिटं डोळे आणि हात वापरा.

एक, मॅटिंग. पेडलखाली जाड मॅट सरकलंय का? पेडल पूर्ण वर येतंय का? हा प्रकार धोक्याचाही आहे, मॅटमध्ये अडकलेलं पेडल दाबलेलंच राहू शकतं.

दोन, ब्रेक लाइट. कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. दाबल्यावर लागते का, सोडल्यावर विझते का? काही गाड्यांत ईसीयू ब्रेकचा स्विच आणि एक्सलेटर एकत्र बघतो. स्विच अडकला आणि ईसीयूला वाटलं की दोन्ही पेडल एकदम दाबलेत, तरी तो ताकद कापतो.

तीन, पेडल बॉक्स. पिकअप “शार्प” करायला पेडलच्या कपलरवर एक डबी बसवतात, माहितीये ना? गाडी सेकंड हँड असेल तर आधीच्या मालकानेही बसवली असेल. ती पेडलचा सिग्नल बदलूनच ईसीयूला देते. तपासताना ती काढा, मूळ कपलर सरळ जोडा, मग बघा.

चार, पाणी आणि उंदीर. पावसाळ्यात बुटांचं पाणी आणि चिखल पेडलपाशीच साचतो. कार्पेट दाबून बघा, ओलं आहे का. बोनेटमध्ये उंदराच्या लेंड्या, कुरतडलेली वायर दिसते का. गाडी महिनाभर उभी असेल तर हे हमखास बघा.

पाच, कपलर. चावी बंद करा, कपलर काढा, टॉर्च मारून आत बघा. पिनांवर हिरवट-पांढरा थर म्हणजे गंज. एखादी पिन मागे सरकली आहे का, वाकली आहे का, सैल आहे का. स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

मोबाइलवर सिग्नल बघणे

कपलर परत लावा. चावी ऑन, इंजिन बंद. अ‍ॅपमध्ये पेडलच्या दोन्ही सिग्नलचा ग्राफ लावा आणि पेडल अगदी सावकाश, दहा सेकंद मोजत, तळापर्यंत न्या. मग तितक्याच सावकाश सोडा. घाई करू नका, स्वस्त अडॅप्टरला आकडे आणायला वेळ लागतो आणि क्षणभराचा तुटका सिग्नल निसटून जातो.

रेघ एकसारखी चढली पाहिजे. मध्येच खड्डा पडला, आणि दर वेळी त्याच जागी पडला, तर पट्टी झिजली आहे. दोष सेन्सरचा.

आता पेडल अर्ध्यावर स्थिर धरा आणि दुसऱ्याला वायरिंग हळूच हलवायला सांगा. कपलरपाशी, डॅशखाली, जिथे वायरिंग पत्र्यातून इंजिनकडे जाते तिथे. पेडल हललं नाही पण आकडा उडाला, तर सेन्सर निर्दोष. दोष वायरीत किंवा कपलरमध्ये.

मल्टिमीटरची तीन मापं

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. कुठल्या पिनेवर काय, हे तुमच्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा. अंदाजाने नको.

पहिलं माप: ५ व्होल्ट येतायत का? चावी बंद करून कपलर काढा, चावी ऑन करा, वायरिंगच्या बाजूला ५ व्होल्टची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यात मोजा. दोन्ही जोड्या मोजा. साधारण ५ व्होल्ट आले पाहिजेत. आलेच नाहीत तर सेन्सर बदलून काही उपयोग नाही. बऱ्याच गाड्यांत ही ५ व्होल्टची लाइन आणखी दोन-तीन सेन्सरही वापरतात. त्यातला एखादा शॉर्ट झाला तर सगळ्यांचे व्होल्ट खाली येतात. म्हणून ते एकेक काढून बघायचे, कुठला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते.

दुसरं माप: अर्थिंग. कपलर जोडलेला, चावी ऑन. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून अर्थिंगच्या वायरीला लावा, मीटरचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याजवळ, ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर अर्थिंगमध्ये कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे.

तिसरं माप: सिग्नल. तसंच मागून पिन लावून पेडल सावकाश दाबा. पहिला ट्रॅक पाऊण व्होल्टच्या आसपास सुरू होऊन पावणेचार-चारपर्यंत जाणं, दुसरा त्याच्या निम्म्याने, हे सर्वसाधारण चित्र. तुमच्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, तेच खरे धरा. आणि जुनं काट्याचं मीटर मिळालं तर उत्तम. डिजिटल मीटर क्षणाचा झटका दाखवत नाही, काटा मात्र लगेच थरथरतो.

दोन पथ्यं. वायरीचं आवरण टोचून माप घेऊ नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. आणि बल्बचा टेस्टर इथे अजिबात लावू नका. तो जास्त करंट ओढतो, ईसीयूच्या ५ व्होल्टच्या लाइनला ते झेपत नाही.

दुरुस्ती

कपलरमध्ये गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पेट्रोल नको आणि पॉलिश पेपरही नको, पिनेवरचा मुलामा निघतो आणि गंज दुप्पट वेगाने येतो.

वायर तुटली असेल तर सोल्डर करून वरून आकसणारी नळी चढवा, आणि वायरिंग हलणार नाही असं बांधून घ्या. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर तीच लाइट तुम्हाला जुलैत भेटेल.

सेन्सरच गेला असेल तर तो बहुतेक गाड्यांत सुटा मिळत नाही, पूर्ण पेडलच बदलावं लागतं. काम मात्र सोपं: एक कपलर, दोन-तीन नट. पार्ट नंबर जुन्या पेडलवर छापलेला असतो, तो जुळवूनच घ्या. दिसायला सारखं पण वेगळ्या मॉडेलचं पेडल वेगळे व्होल्ट देऊ शकतं. भंगार बाजारातलं स्वस्त मिळेल, पण त्याची पट्टीही तेवढीच घासलेली असू शकते. घ्यायचंच तर मीटर लावून, सावकाश दाबून बघून घ्या.

शेवटी कोड पुसा. काही गाड्यांना पेडलची शून्य जागा नव्याने शिकवावी लागते, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. मग मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारा आणि परत स्कॅन करा. नवा कोड नाही, म्हणजे काम झालं.

तुमचे प्रश्न

“बंद-चालू केल्यावर लाइट जाते. मग चालवत राहिलं तर?” शहरात हळू चालवून गॅरेजपर्यंत नेणं वेगळं, आणि कोकणात सहकुटुंब निघणं वेगळं. अधूनमधून येणारा दोष आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो. तपासल्याशिवाय घाटात नेऊ नका. तोवर एक वही ठेवा: केव्हा झालं, पाऊस होता का, खड्ड्यात आपटली का, गाडी धुतल्यावर झालं का. वायरमनला ही वही स्कॅनरइतकीच कामाची.

“एक जण म्हणाला, रेझिस्टर टाकून लाइट घालवतो.” नको. दोन ट्रॅक आहेत ते एकाने खोटं बोललं तर दुसऱ्याने पकडावं म्हणून. रेझिस्टर टाकून त्यातल्या एकाचं तोंड बंद केलं, तर उद्या खरोखर गडबड झाल्यावर सांगणारं कुणी नाही. गाडीत बरेच जुगाड चालतात, पण एक्सलेटर आणि ब्रेकमध्ये नाही.

“मला मीटर जमत नाही, मग?” हरकत नाही. मिस्त्रीकाकांना तीन प्रश्न विचारा: “काका, कोड नेमका कुठला आला? ५ व्होल्ट आणि अर्थिंग बघितलं का? वायरिंग हलवून सिग्नल बघितला का?” चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो तुम्हाला जवळ बोलावून मीटर दाखवतो. आणि उत्तर न देता जो थेट पार्टची किंमत सांगतो, त्याला म्हणा, “थांबा काका, दुसरीकडे बघून येतो.”

आजच्यासाठी एवढंच. ज्याच्या जुन्या गाडीची चेक लाइट लागलीय त्या मित्राला हा भाग पाठवा, पार्ट विकत घ्यायच्या आधी पाठवा. पुढच्या भागात जुन्या गाडीची बॅटरी आणि अल्टरनेटर, कारण कमी व्होल्टमुळेही ईसीयू असेच विचित्र कोड टाकतो. तोवर सांभाळून चालवा. भेटूया!